पोतं कुठे गेलं?

माझा थोरला भाऊ मुंबईलगतच्या एका महापालिकेच्या घनकचरा विभागात आयुष्य काढून निवृत्त झाला. माझी लेक वर्सोव्याला राहते आणि रविवारी पहाटे ओहोटीची वेळ बघून किनाऱ्यावर कचरा उचलायला जाते. दोघांचा विषय एकच, तेव्हा दोघांचं गूळपीठ जमेल असं मला वाटायचं. जमलं ते भांडण. पुढचं बोलणं एका बैठकीतलं नाही. सणावारी, लग्नकार्यात, फोनवर ते तुकड्यातुकड्यानं चालत आलं आहे आणि मी ते एका जागी आणलं आहे. दादाच्या काही शिव्या गाळल्या आहेत. त्यानं अर्थाला बाधा येत नाही.

मामा : फोटो बघितला तुमचा. झकास. मागे पोत्यांची रांग, पुढे तुम्ही. आता सांग, ती पोती कुठे गेली?

भाची : पालिकेची गाडी आली, घेऊन गेली.

मामा : कुठे?

भाची : डम्पिंगला. दुसरीकडे कुठे जाणार?

मामा : देवनार घे नाहीतर कांजूर घे, दोन्ही ठाण्याच्या खाडीला लागून. म्हणजे पश्चिमेच्या पाण्याकाठचा कचरा तुम्ही पूर्वेच्या पाण्याकाठी पाठवलात. वर गाडीचं डिझेल जळलं ते निराळं. देवनारला १९२७ पासून ढीग चढतोय. २०१६ च्या जानेवारीत तो पेटला तेव्हा धूर उपग्रहाच्या फोटोत दिसत होता आणि गोवंडीतली पोरं खोकून बेजार झाली होती.

भाची : मग काय, वाळूतच राहू द्यायचं? अरे मामा, वाळूतली पिशवी वाळूत राहत नाही. पुढच्या उधाणाला ती परत पाण्यात. उन्हानं कडक होते, लाटांनी फुटते, भुगा होतो. आज उचलली तर एक पिशवी आहे, वर्षभरानं गेलास तर चिमटीत न येणारे तुकडे. डम्पिंग वाईट आहे, मान्य. पण तिथे ती निदान एका जागी असते. समुद्रात गेलेला भुगा कोण काढणार?

मामा : हे बरोबर बोललीस.

(असं तो क्वचित म्हणतो, म्हणून नोंदवून ठेवते.)

मामा : पण उधाणाचं निघालंच आहे तर ऐक. भांगाच्या दिवसांत पाणी फार वर चढत नाही, किनारा बरा दिसतो. अमावास्या-पौर्णिमेला उधाण येतं आणि कचऱ्याची रेघ पार वर सरकते. तुमचा रविवार काही तिथी बघून येत नाही. भांगात साफ केलंत तर चार दिवस टिकेल, उधाणाच्या आदल्या दिवशी केलंत तर दुसऱ्या दिवशी जैसे थे. आणि पावसाळ्यात तर विचारू नकोस. जून ते सप्टेंबर वारा समुद्राकडून जमिनीकडे, लाटाही तशाच. त्याच दिवसांत मुंबईतले सगळे नाले धुऊन निघतात. ओशिवरा नदी गोरेगावाकडून येते, मालाडच्या खाडीला मिळते आणि त्या खाडीचं तोंड कुठे? तुझ्या वर्सोव्याला. नाल्यानं आत ढकलायचं आणि वाऱ्यानं परत आणायचं. मरीन ड्राइव्हवर भरतीनंतर टनांनी कचरा पडतो, पेपरवाले लिहितात, समुद्रानं साभार परत केला. समुद्र काही संपादक नाही. नाला बांधला तसा वाहतो, वारा दरवर्षीसारखा वाहतो.

भाची : मग नाल्यावर जाळी लावा ना. ती लावायला मी येऊ का?

मामा : ये की! तेच तर म्हणतोय.

भाची : थांब. वर्सोव्याचं उदाहरण आहे माझ्याकडे. २०१५ च्या ऑक्टोबरात अफरोज शाह नावाचा एक वकील आपल्या एका वृद्ध शेजाऱ्याला घेऊन तिथे उतरला. दोघंच. हळूहळू शेकडो लोक यायला लागले, शाळेची मुलं आली, कोळीवाड्यातली माणसं आली. २०१६ ला संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण विभागानं त्या वकिलाला 'चॅम्पियन्स ऑफ द अर्थ' पुरस्कार दिला. आणि २०१८ च्या मार्चमध्ये त्याच वाळूतून ऑलिव्ह रिडले कासवाची पिल्लं निघून पाण्यात गेली. ज्या किनाऱ्यावर नाक धरून चालावं लागायचं, तिथे.

मामा : पिल्लांचा मलाही आनंद झाला होता. पण एका घरट्यावरून किनारा बरा झाला असं म्हणू नये. वेळासला गावकरी आणि चिपळूणची सह्याद्री निसर्ग मित्र ही संस्था २००२ पासून वर्षानुवर्षं घरटी राखत आलेत. त्यांना एका वर्षाचा आकडा विचारलास तर ते आधी मागच्या वर्षांचे काढून दाखवतील. आणि तुझ्या त्या वकिलानं २०१७ च्या नोव्हेंबरात काम थांबवलं होतं, ते सांगितलं नाहीस.

भाची : थांबवलं, आणि पुन्हा सुरूही केलं.

मामा : का थांबवलं होतं?

भाची : लोक उचलायचे आणि उचललेला ढीग दिवसेंदिवस तिथेच पडून राहायचा. शिवाय काही गुंडांनी शिवीगाळ, दमदाटी केली.

मामा : म्हणजे गाडं अडलं कुठे? वेचण्यात नाही. वेचल्यानंतर. माझा पहिला प्रश्न काय होता?

इथे माझी लेक गप्प बसली. त्या प्रकरणाबद्दल माझं स्वतःचं मत थोडं वेगळं आहे. किनारा साफ करणाऱ्याला पुरस्कार मिळतो तोवर सगळ्यांना तो आवडतो. ज्या दिवशी त्याच्यामुळे कोणाला गाडी पाठवावी लागते, कोणाचा अड्डा उठतो, त्या दिवशी तो डोळ्यांत खुपायला लागतो. वर्सोव्याला ते काम कोणाला तरी खुपलं, यातच ते खरं काम होतं याची खूण मला दिसते. ज्या मोहिमेवर वॉर्ड ऑफिसही खूश, कंपनीही खूश आणि नगरसेवकही खूश, तिच्याकडे मी जरा संशयानं बघते. दादाला हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "आता तू पण सुरू झालीस."

भाची : बरं, नाला सोड. मला किनाऱ्यावर काय सापडतं ते सांगू? बाटल्या फार नसतात. लोकांना वाटतं सगळ्या बाटल्याच असतील. पाण्याच्या बाटलीला भंगारवाला पैसे देतो, म्हणून ती वाटेतच कोणीतरी उचलतं. पुठ्ठा, लोखंड, ॲल्युमिनियमचे डबे, काही नाही. आमच्या पोत्यात असतं ते सगळं बिनकिमतीचं. शांपूच्या पुड्या, गुटख्याच्या पुड्या, वेफर्सची पाकिटं, थर्माकोल, तुटक्या चपला, औषधांच्या रिकाम्या पट्ट्या, आणि दुधाच्या पिशवीचे ते नखाएवढे कापलेले कोपरे. कोपरे तर वाळूत तांदळासारखे मिसळलेले.

मामा : पुडीला भाव नाही कारण तिच्यात प्लॅस्टिकला ॲल्युमिनियमचा थर चिकटवलेला असतो. वेगळा करायचा खर्च मालाच्या किमतीपेक्षा जास्त. ती शेवटी जाते सिमेंटच्या भट्टीत जळायला, तीही कोणी गोळा केली तर. कचरावेचक बाईला दिवसभर पुड्या वेचून एक चहा सुटत नाही, ती कशाला वाकेल?

भाची : तेच तर! शहरात जे कोणी वाकून उचलत नाही ते सगळं एका ठिकाणी बघायचं असेल तर किनाऱ्यावर यावं लागतं. पूर्वी मला वाटायचं, आपली माणसंच घाण करतात. पोतं भरून रिकामं केलं, ढीग लावले, तेव्हा दिसलं की अर्ध्याहून अधिक ढीग पाच-दहा रुपयांच्या वस्तूंचा आहे. गरिबाला तेल, साबण, शांपू पुडीतच परवडतं. पुडी काढणाऱ्याला ते ठाऊक आहे. म्हणजे घाणेरडी माणसं, हा विषयच नव्हता.

मामा : मोजलंत?

भाची : मोजतो आता. कंपनीनिहाय. एकदा गंमत झाली. एका कंपनीनं आम्हा सगळ्यांना टी-शर्ट दिले होते, छातीवर लाटेचं चित्र. मोजायला बसलो तर त्याच कंपनीच्या पुड्यांचा ढीग सगळ्यांत उंच. आम्ही त्या ढिगाचा फोटो काढला, टी-शर्ट घालून. पुढच्या वेळी टी-शर्ट आले नाहीत.

मामा : (हसून) हे मला आधी का नाही सांगितलंस?

भाची : तू पोत्याच्या पुढे जाऊ देतोस का कधी?

मोजण्याचा हा मुद्दा नवा नाही, हे मला मागाहून कळलं. दरवर्षी सप्टेंबरच्या तिसऱ्या शनिवारी जगभर जी किनारा स्वच्छता होते, तिची सुरुवात १९८६ मध्ये अमेरिकेतल्या टेक्सासच्या किनाऱ्यावर झाली. तिथल्या स्वयंसेवकांच्या हातात पोत्याबरोबर एक तक्ताही होता आणि प्रत्येक वस्तूची त्यात नोंद व्हायची. बराचसा कचरा जहाजांवरून फेकलेला निघाला. तेव्हा जहाजांना समुद्रात प्लॅस्टिक टाकायला बंदी करणारा आंतरराष्ट्रीय करार चर्चेत होता आणि या नोंदी त्या चर्चेत पुरावा म्हणून पुढे आल्या. ती बंदी, म्हणजे मार्पोल या कराराचं पाचवं परिशिष्ट, १९८८ च्या अखेरीस लागू झाली. आपल्याकडे तो शनिवार आला, टोप्या आल्या, फलक आले. तक्ता बहुतेक ठिकाणी वाटेतच गळाला. २०२२ मध्ये केंद्र सरकारनं ७५ किनाऱ्यांवर ७५ दिवसांची 'स्वच्छ सागर, सुरक्षित सागर' मोहीम घेतली. तिच्या बातम्यांत ठळक दिसायचं ते टनांचं वजन. वजनावरून कोणाला काय विचारणार? ओल्या वाळूलाही वजन असतं.

वाळूच्या वजनावरून दादाला जे आठवलं, तिथून हे भांडण खऱ्या अर्थानं पेटलं.

मामा : आमच्याकडे एके काळी ठेकेदाराला टनामागे पैसे होते. टनामागे पैसे म्हटल्यावर गाडीत काय काय चढतं ते मी वजनकाट्यावर उभं राहून बघितलंय. वाळू, राडारोडा, पाणी मारलेला पालापाचोळा. आता तुमचं गणित लाव. किनारा साफ करायला पालिका ठेकेदाराला पैसे देते. तुम्ही रविवारी फुकट साफ करता. तुमची पोती कोणाच्या गाडीत चढतात? त्याच्या. काट्यावर कोणाच्या नावानं नोंद होते? त्याच्या. तुम्ही त्याचा एक दिवसाचा मजुरीचा खर्च वाचवलात. देशसेवा करताय, पण कोणाची, ते बघा जरा.

भाची : हे सगळीकडे असंच चालतं, असं म्हणायचंय तुला?

मामा : सगळीकडचं मला माहीत नाही. तुझ्याकडे काय चालतं हे तू विचारलं आहेस का, एवढंच माझं म्हणणं. आणि दुसरं ऐक. मुंबईतल्या कंत्राटी सफाई कामगारांचा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. २०१७ च्या एप्रिलमध्ये निकाल लागला, २७०० कामगारांना कायम करा. कचरा वाहतूक श्रमिक संघानं लढवला. वर्षानुवर्षं ती माणसं गाडीवर कचरा चढवत होती आणि कागदोपत्री ती कामगारच नव्हती. स्वयंसेवी संस्थांकडे काम दिलेलं, म्हणून ती स्वयंसेवक, आणि पगाराला नाव मानधन. ना रजा, ना फंड, ना हातमोजे. सेवा हा शब्द ऐकला की माझ्या अंगावर काटा येतो तो उगीच नाही.

भाची : त्याचा माझ्याशी काय संबंध? मी कोणाची नोकरी खात नाही.

मामा : नोकरी खात नाहीस. किंमत पाडतेस. जे काम वकील, इंजिनिअर, कॉलेजातली पोरं हसत-खेळत, गाणी लावून फुकट करतात, त्याला किमान वेतन कशाला, असं म्हणायला साहेब मोकळा. आणि अजून खोलात जाऊ? कोणत्याही चौकीवरचं जुनं हजेरीपत्रक काढ आणि आडनावं वाच. तुझ्या ग्रुपमधली आडनावं वाच. दोन तास वाकलीस तर तुला पर्यावरणाची सैनिक म्हणतात. जन्मभर वाकला त्याला सोसायटीतल्या बाईनं पाणी वरून ओतलं. मी बघितलंय.

थोडा वेळ कोणीच बोललं नाही. हे सगळं अर्थात खरं होतं. तरी लेकीनं माघार घेतली नाही, याचं मला बरं वाटलं.

भाची : आप्पा पटवर्धनांचं काय मग? कोकणातलेच ना. १९३२ मध्ये रत्नागिरीच्या तुरुंगात त्यांनी उपवास केला, कशासाठी? भंगीकाम मला करू द्या म्हणून. तुरुंगात ते काम ठरावीक जातीच्या कैद्यांनाच द्यायचे. आप्पा ब्राह्मण, म्हणून त्यांना मिळत नव्हतं. ते म्हणाले, मी करणार. येरवड्यातून गांधीजींनी त्यांना पाठिंबा दिला. पुढे कणकवलीला गोपुरी आश्रमात त्यांनी संडासाचे, खताचे किती प्रयोग केले. हात घाण झाल्याशिवाय ती किळस जात नाही, मामा. माझी गेली. पहिल्या वेळी सॅनिटरी पॅड दिसलं तेव्हा मी उलटी करायच्या बेतात होते. आता कचरा घ्यायला येणाऱ्या ताईंना मी ते कागदात गुंडाळून, वेगळं करून देते. त्याआधी कधीच दिलं नव्हतं.

मामा : आप्पांचं नाव मी आदरानं घेतो. पण बाबासाहेबांनी त्यावर काय म्हटलं तेही वाच. १९४५ चं त्यांचं पुस्तक आहे, काँग्रेस आणि गांधींनी अस्पृश्यांसाठी काय केलं यावर. सफाईकाम थोर आहे, पवित्र आहे, असं त्याच माणसाला सांगणं म्हणजे त्याला तिथेच बसवून ठेवणं, असा त्यांचा सूर. आमच्या युनियनच्या खोलीत फोटो कोणाचा होता, सांगायला नको. सफाई कामगाराला तुमची सहानुभूती नको, तुमच्या शेजारची खुर्ची हवी आहे. त्याच्या पोराला त्या झाडूपासून लांब जायचं आहे, आणि तू हौसेनं झाडू हातात घेतेस.

भाची : मग मी झाडू टाकल्यानं त्याचा सुटेल?

मामा : नाही सुटणार.

भाची : मग?

मामा : म्हणून तर चिडतो ना मी.

माझ्या मते या सगळ्या भांडणातलं हे सगळ्यांत प्रामाणिक वाक्य. आप्पांचा मार्ग की बाबासाहेबांचा, हा वाद महाराष्ट्रात जुना आहे आणि तो आमच्या दिवाणखान्यात मिटेल अशी अपेक्षा कोणी ठेवू नये. मात्र लेकीनं पुढे जे सांगितलं ते दोघांपैकी कोणाच्याच पुस्तकात नव्हतं.

भाची : आमच्या किनाऱ्यावर पालिकेच्या ठेकेदाराचे कामगार असतात. सुरुवातीला आम्ही त्यांच्याशी बोलायचोही नाही. ते एका टोकाला, आम्ही दुसऱ्या टोकाला. एकदा आम्ही वाळूत रुतलेलं जाळं ओढत होतो, सहा जण, घामाघूम. त्यातल्या एका काकांनी येऊन सांगितलं, ओढू नका, कापा. नायलॉनचं जाळं भरतीगणिक वाळू पीत खाली जातं, ओढलं तर हात कापतो आणि जाळं तुटून निम्मं आत राहतं. त्यांनी सुरी दिली. मग पंजा कसा धरायचा, पोतं किती भरायचं, ओली वाळू आधी कशी झटकायची, सगळं शिकवलं. शेवटी म्हणाले, तुम्ही येता त्या दिवशी आमचा मुकादम वेळेवर येतो.

मामा : (बराच वेळ हसतो) खरं बोलला.

भाची : त्यांच्याकडे गमबूट नव्हते. आमच्याकडे होते. तेव्हा आम्ही वॉर्डात पत्र दिलं, फोटो जोडून, की कंत्राटात हातमोजे आणि गमबूट लिहिलेले असतील तर ते कुठे आहेत? बूट आले. हातमोजे आले नाहीत. दुसरं पत्र दिलंय.

मामा : कंत्राटात लिहिलेले असतात. माझ्याकडे नमुना आहे, देतो. कलम दाखवून लिही, नुसता फोटो नको.

भाची : आणि कोळीवाड्यातल्या मावशी तर सरळच बोलतात. म्हणतात, तुम्ही रविवारी वेचता, आम्ही रोज जाळ्यातनं वेचतो. डोल जाळं प्रवाहात लावून ठेवलेलं असतं, बोंबलाबरोबर प्लॅस्टिक येतं, ते निवडत बसायचं. म्हावरं कमी, पिशव्या जास्त. त्यांचं कोणी फोटोसेशन करत नाही.

मामा : त्या मावशींना घेऊन वॉर्डात जा. तुझ्या पत्रापेक्षा त्यांचा आवाज लांब पोचेल.

यानंतर दादानं तक्रारींची एक यादी काढली, ती मी थोडक्यात देते. किनाऱ्यावर जेसीबी आणि ट्रॅक्टर नाचवतात त्यानं वाळू दबते, खेकड्यांची बिळं बुजतात. उत्साही मुलं प्लॅस्टिकबरोबर समुद्रशेवाळ, शिंपले, ओंडकेही गोळा करतात. तो कचरा नव्हे, त्यावर किडे जगतात, किड्यांवर पक्षी जगतात. उन्हाळ्याच्या अखेरीला येणारे डांबराचे गोळे कोणी हातानं उचलू नयेत. कोकणातल्या लहान गावात मोहीम घेण्याआधी ग्रामपंचायतीकडे कचरा न्यायची सोय आहे का ते विचारावं, नाहीतर पाहुणे गेल्यावर तो ढीग किनाऱ्यावरच पेटवला जातो. आणि मोहीम संपल्यावर मागे पडलेले वडापावचे कागद नि पाण्याच्या बाटल्या, हे सगळ्यांत वरचं. लेकीनं यातलं बहुतेक ऐकून घेतलं. शेवाळाचं तिला ठाऊक नव्हतं.

भाची : तू म्हणतोस नाला, मी म्हणते किनारा. पण पुडी नाल्यातसुद्धा यायलाच नको ना? त्याचं काय?

मामा : त्याचे कायदे आहेत. महाराष्ट्रानं २०१८ च्या मार्चमध्ये प्लॅस्टिकबंदीची अधिसूचना काढली. त्यात दुधाच्या पिशवीवर परतीची किंमत छापायची होती, किमान ५० पैसे. बाटलीवर रुपया-दोन रुपये. पिशवी परत दे, पैसे घे. तुझ्या दूधवाल्यानं कधी दिले?

भाची : मी ऐकलंच नव्हतं.

मामा : कोणीच ऐकलं नाही. छापलं असतं आणि पाळलं असतं तर पिशवीला भाव आला असता, कोपरा कापून फेकायच्या आधी बाईनं विचार केला असता. हे होत नाही असं नाही. तामिळनाडूत निलगिरी जिल्ह्यात २०२२ पासून दारूच्या बाटलीवर दहा रुपये जादा घेतात आणि रिकामी आणली की परत देतात. उच्च न्यायालयानं रेटा लावला म्हणून झालं. बहुतेक बाटल्या परत येतात. डोंगरात फुटक्या काचांवर पाय पडून जनावरं जखमी व्हायची, ते कमी झालं. कोणी मोहीम काढून काचा वेचत बसलं नाही. रिकाम्या बाटलीला दहा रुपये किंमत आली, बस.

भाची : आणि पुडीचं?

मामा : बनवणाऱ्यानं परत गोळा करायचं हे प्लॅस्टिक कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांत आहे. २०२२ मध्ये त्याची उद्दिष्टं ठरली, प्रमाणपत्रं आली. कागदावर सगळं आहे. आणि समुद्रात जातं किती? २०१५ साली 'सायन्स' नियतकालिकात एक अभ्यास आला होता. २०१० या एका वर्षात समुद्राला मिळालेलं प्लॅस्टिक ४८ लाख ते १ कोटी २७ लाख टन असावं असा अंदाज. एकट्या मुंबईचा रोजचा कचरा सहा हजार टनांच्या वर. आता तुझं पोतं किती किलोचं?

भाची : भरलेलं? दहा-बारा.

मामा : कर भागाकार.

भाची : नाही करणार. तू टनांत मोजतोस म्हणून तुला ते पोतं दिसत नाही. कायदा २०१८ पासून आहे म्हणतोस. इतकी वर्षं तो पाळला जात नाही हे तुझ्या खात्यातल्या सगळ्यांना ठाऊक होतं. कोण बोललं? तुला सगळं माहीत होतं, मला काहीच माहीत नव्हतं, आणि वॉर्डात पत्र कोणी दिलं? ज्यानं पुड्या वेचल्या त्याला राग येतो. राग आला की माणूस पत्र लिहितो. मी वाकले नसते तर मला तो ५० पैशांचा नियम आज ऐकायलासुद्धा मिळाला नसता, कारण मी तुला विचारलंच नसतं.

दादा यावर काही बोलला नाही. चष्मा पुसला. मला वाटलं, आता तो विषय बदलेल. त्यानं बदलला नाही.

मामा : तुमच्यात किती जण नियमित असतात?

भाची : पंधरा-वीस. सणानंतर शंभर.

मामा : शंभर नकोत. वीस पुरे. दहा जणांना किनाऱ्यावर ठेव. पाच जणांना ओशिवऱ्याच्या पुलाजवळ उभं कर, पावसाच्या पहिल्या सरीनंतर काय वाहत येतं ते नुसतं बघायला आणि लिहायला. उतरायचं नाही हं पाण्यात. आणि पाच जणांना कागदावर बसव.

भाची : कसल्या कागदावर?

मामा : माहितीचा अधिकार. तीन प्रश्न, जास्त नको. एक, तुमच्या किनाऱ्याच्या सफाईचं कंत्राट टनावर आहे की ठोक, प्रत मिळावी. दोन, तुम्ही ज्या रविवारी मोहीम घेतली त्या तारखांच्या वजनकाट्याच्या पावत्या. तीन, कंत्राटात किती कामगार लिहिलेत आणि त्या दिवशीच्या हजेरीपत्रकावर किती. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप. तीस दिवसांत उत्तर यायला हवं. येणार नाही. मग पहिलं अपील.

भाची : पावत्यांवर आमची पोती दिसतील?

मामा : पोती नाही दिसणार. रविवारचं वजन इतर दिवसांपेक्षा फुगलेलं आहे का, ते दिसेल. फुगलेलं असेल तर पैसे कोणी घेतले ते विचारायचं. फुगलेलं नसेल तर पोती काट्यापर्यंत पोचलीच नाहीत, मग ती गेली कुठे ते विचारायचं.

भाची : तू लिहून देशील अर्ज?

मामा : मसुदा देतो. मराठीतच दे, इंग्रजीत दिलास तर भाषांतराला पाठवलाय म्हणून महिना काढतील. आणि खाली सही तुझी कर. माझं नाव कुठे घालू नकोस, मला पेन्शन आहे.

भाची : अरे, पेन्शन काय बंद करणार आहेत का ते?

मामा : ते काय करतील ते मला माहीत आहे, मी तिथेच होतो. तू लिही. आणि त्या सुरीवाल्या काकांना आधी विचार, अर्जात हजेरीपत्रकाचा प्रश्न घातला तर त्यांच्यावर काही येईल का. ते नको म्हणाले तर तिसरा प्रश्न काढून टाक.